उगवतीची बाजू

सायकल डावीकडून आली. आली हे सूर्यभानला कळलं ते तिचं पुढचं चाक मांडीला लागल्यावर. स्टेशन रोडवर सकाळची वेळ होती, दुकानांची शटरं अजून अर्धीच वर गेली होती, आणि तो नेहमीसारखा घाई न करता रस्ता ओलांडत होता. सायकल दूधवाल्याची होती. दोन्ही अंगांना कॅन असल्यामुळे ती पडली नाही, नुसती डुलली, आणि एका झाकणाखालून थोडं दूध त्याच्या चपलेवर आलं. दूधवाल्याने उतरून आधी कॅन पाहिला, मग माणूस पाहिला. म्हणाला, "कवाची घंटी मारायलोय मामा. समदा रस्ता बाजूला सरकला, तुमीच तेवढे नवरदेवावानी मधून चाललात." चहाच्या टपरीवरचे हसले. सूर्यभानही हसला. माणूस भांडायच्या आवाजात बोलला नव्हता. घंटी वाजली नसेल, असं सूर्यभान म्हणाला, तर टपरीवाल्याने गाळणी तशीच हातात धरून सांगितलं की वाजली, पार लांबच्या कोपऱ्यापासून वाजत येत होती. मग खात्री पटावी म्हणून दूधवाल्याने पुन्हा एकदा घंटी मारली. आता तो समोर उभा होता. चांगली खणखणीत घंटी होती.

लागलं काहीच नव्हतं. पण चौकाकडे चालताना ती न ऐकलेली घंटी त्याच्या मनातून हलेना. चौकात पोलिसांची गाडी उभी होती. औरंगाबादच्या विद्यापीठाच्या नावाचा निकाल आता लागणार असं सगळे म्हणत होते, आणि शिपाई उन्हाकडे पाठ करून बसले होते. त्यांच्यातला एक दुसऱ्याशी काही बोलत होता. सूर्यभानने मुद्दाम त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूने जाऊन ऐकू येतं का ते पाहावं असं मनात आणलं आणि तसं केलं नाही. पोलिसांभोवती फेऱ्या मारणारा म्हातारा बरा दिसत नाही. कान हीच त्याची सगळ्या नोकरीची कमाई होती. टेलिफोन खात्यात त्याने केस पांढरे केले. केबलमध्ये पाणी शिरलं की तव्यावर जिरं पडल्यासारखा आवाज येतो, तार झाडाला घासली की वेगळा येतो, हे त्याने शिकून घेतलं होतं, आणि तो रिटायर झाला त्या दिवशी साहेबांनी भाषणात त्याच्या कानाचंच कौतुक केलं होतं. सुगंधा त्या समारंभाला पहिल्या रांगेत बसली होती. कानाचं नाव निघाल्यावर ती पदर तोंडाला लावून हसली, आणि त्याला वाटलं, बायको खूश झाली. त्यानंतर वर्ष सरलं नाही तोच ती गेली. तापाचं निमित्त झालं आणि गेली. तेव्हापासून सकाळचा दूधवाला त्याच्या दारावरून हाक न मारता पुढे जायचा, यावरून त्याने त्याच्याशी दोनदा वाद घातला होता. तो दूधवाला दुसरा. तोही म्हणाला होता की हाक मारली.

चौकातून जीप त्याला शहराबाहेरच्या शेतावर घेऊन जाई. शेत ज्वारीचं होतं, लवकर पेरलेलं, दाण्यात दूध भरत आलेलं. त्यात ठिकठिकाणी बत्तीस बांबू उभे केले होते आणि प्रत्येक बांबूच्या टोकाला एक मायक्रोफोन होता. वाऱ्याचा आवाज लागू नये म्हणून मायक्रोफोनला जुन्या पायमोज्याची टोपी घातलेली. शेताची राखण करणारी कडूबाई माळ्यावर गोफण घेऊन बसे. जानेवारीच्या थंडीत ती पाय पदरात गुंडाळून म्हणायची की या लोकांनी बांबूला मोजे घातले, मला कुणी विचारलं का. बांबूंपासून निघालेल्या तारा शेताच्या उत्तरेच्या खोलीत येत. तिथे पत्र्याच्या कपाटात कॉम्प्युटरची सोळा कार्डं होती, आणि ती तापू नयेत म्हणून ऐन थंडीत पंखे चालू असत. पुण्याच्या एका संस्थेने हे काम काढलं होतं. पाखरांचा थवा शेतात उतरला की तो नेमका कुठे उतरला हे त्याच क्षणी कळावं, आणि तिथलाच भोंगा वाजवून त्याला उठवावं, एवढंच. ऐकायला सोपं. पण अंगदने पहिल्या दिवशी समजावून सांगितलं तेव्हा सूर्यभानला त्यातली मेख कळली. अंगद मूळचा चुडाव्याचा, पुण्यात शिकलेला, मशीनचा सगळा हिशेब त्याने लिहिलेला. तो म्हणाला की पाखरू चिवचिवलं की आवाज जवळच्या बांबूला आधी पोचतो आणि लांबच्याला जरा मागून. मशीन आधी आलेल्याला धरून ठेवतं, मागच्याची वाट बघतं, आणि सगळे आले की त्यांना एकात मिसळतं. ज्या जागेसाठी हे थांबणं बरोबर जुळलं, तिथला आवाज उठून उभा राहतो, आणि बाकीचा गलका एकमेकांत विरून जातो. मग तेच दुसऱ्या जागेसाठी, तिसऱ्या जागेसाठी, सगळ्या शेतासाठी. एकटा कॉम्प्युटर एका मिनिटाच्या आवाजाला अर्धा दिवस घेतो, आणि पाखरं काही अर्धा दिवस थांबत नाहीत. म्हणून शेताच्या सोळा पट्ट्या, आणि पट्टीला एक अशी सोळा कार्डं. खुरपायला बाया उतरतात तशी, अंगद म्हणाला, प्रत्येकीला आपली पात, आणि सगळ्यांनी बरोबरीनं पुढं सरकायचं. एक मागं राहिली की बाकीच्यांना हात थांबवून बसावं लागतं. त्याची आई अजून खुरपायला जात होती. तेव्हापासून खोलीत सगळे पातच म्हणू लागले. पुण्याहून फोन आला की तिकडचे लोकही पहिली पात, चौथी पात असंच विचारत.

आवाज कुठून आला हे मशीन सांगे. कशाचा आला हे त्याला कळत नसे. पानं हलली, उंदीर पळाला, बकरी शिरली, चिमण्या उतरल्या, त्याला सगळं सारखं. त्यासाठी माणूस लागत होता, आणि तो माणूस म्हणजे सूर्यभान. खोलीची खिडकी दक्षिणेकडे होती. तिच्यासमोर तो हेडफोन लावून बसे. डाव्या कानात उगवतीकडच्या आठ पातींपैकी जी जास्त बोलत असेल ती येई, उजव्या कानात मावळतीकडची. कुठली पात ते समोरचा दिवा दाखवी, आणि पाखरं असली की त्याने त्या पातीचं बटण दाबून तिथला भोंगा वाजवायचा. काम असं होतं की दिवस कसा जातो ते कळत नसे. आणि पहिल्या आठवड्यापासून त्याने तक्रार केली होती की उगवतीची बाजू मुकी आहे.

हेडफोन बदलला. मग तार बदलली. मग दुसरा हेडफोन आला, मग तिसरा. अंगद स्वतः लावून बसला की आवाज यायचा, सूर्यभानने लावला की जायचा, त्यावरून दोघांनी एकमताने ठरवलं की लूज कॉन्टॅक्ट आहे. सूर्यभानच जास्त ठामपणे म्हणाला. असा येणारा-जाणारा दोष त्याने जन्मभर पाहिला होता. माणूस हलला की तार हलते, आणि तार हलली की दोष लपतो. अंगदने जोडांना पुन्हा डाख दिला, कार्डं काढून पुसली, त्यांच्या जागा बदलल्या. दरम्यान उगवतीकडची कणसं पाखरं रिकामी करत सुटली, म्हणजे दोष खरा आहे हे सगळ्यांना दिसलंच. कामाचे प्रमुख आबासाहेब वैतागले. संक्रांतीनंतर पुण्याहून पाहुणे येणार होते, काम पुढच्या वर्षी चालू ठेवायचं की गुंडाळायचं ते बघायला. शेवटी आबासाहेबांनी ठरवलं की उगवत सोडून द्यायची. अंगदने तिकडची कार्डं मावळतीच्या पातींना जोडून टाकली, दोन तेवढी नावाला ठेवली. अर्ध्या शेताचं मशीन पाहुण्यांना दाखवायचं ठरलं.

त्या सकाळी, चपलेवर वाळलेलं दूध घेऊन, सूर्यभान खोलीत आला तेव्हा अंगद बाहेर जनरेटरपाशी होता. त्याने हेडफोन उचलला आणि उलटा लावला. डाव्या कानाचा उजव्याला. आणि उगवतीकडे चिमण्या होत्या. भरपूर होत्या. एकमेकींवर ओरडत होत्या, कुणाला तरी हुसकत होत्या, आणि त्यांच्याखाली पानांची सळसळ अशी स्वच्छ येत होती की जणू कुणी कानाशी कोरं कापड उलगडतंय. त्याने हेडफोन काढला. पुन्हा सरळ लावला, उगवत गेली. हातातलं घड्याळ काढून डाव्या कानाला लावलं, मग उजव्या. मग ते मनगटावर बांधलं आणि खिडकीतून शेताकडे बघत बसला. त्याला भीती वाटली नाही. त्याला थोडंसं हसूच आलं, आणि हसण्याच्या मागून लाज आली, आणि त्या दोन्हींच्या खाली एक गोष्ट हळूच हलली, की हे सांगितलं तर आपण इथे राहणार नाही. एका कानाचा माणूस दोन कानांच्या खुर्चीवर कोण ठेवतो. मग परत घर. दोन खोल्या, एक खाट, एका माणसाचा कुकर, आणि दुपार. घरातली दुपार त्याला नको होती. इथे दुपारी कडूबाई हरभऱ्याचे घाटे आणून टेबलावर टाकायची, अंगद तोंडात घाटे भरून पातींबद्दल बोलायचा, आणि सूर्यभानला सुगंधा गेल्यापासून पहिल्यांदा जेवताना चव लागायची. दुसऱ्या दिवशी येळवस होती, वेळ अमावास्या, सगळ्यांना सुट्टी. त्याने सांगणं सुट्टीच्या पलीकडे ढकललं. दिवसभर तो मावळतीच्या पाती ऐकत राहिला आणि बटणं दाबत राहिला, आणि डाव्या बाजूला काहीच नाही हे आता पहिल्यांदा त्याला ऐकू येत होतं.

येळवशीला तो पालमच्या पलीकडे सुलाबाईच्या शेतात गेला. सुलाबाई सुगंधाची धाकटी बहीण. दरवर्षी दोघं जायची. या वर्षी नको म्हणाला, तर तिने निरोप धाडला की अक्का न्हाई म्हणून काय शेत न्हाई का. एसटी भरून वाहत होती. गावात कुणीच नव्हतं, सगळं गाव शिवारात. शेतात कडब्याची कोप केली होती, तिच्यात चुन्याने रंगवलेले पाच पांडवांचे दगड मांडले होते, आणि समोर पंगत धरली होती. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, मडक्यात आंबील. सुलाबाईचा नवरा रायभान चुलत्या-भावंडांना हाका मारून बोलावत होता. सूर्यभान कोपीपाशी बसला, आणि सुलाबाईचा नातू ताट घेऊन त्याच्या डाव्या बाजूला टेकायला लागला, तर ती आंबिलीचं वगराळं तसंच धरून त्याला म्हणाली, "तिकडून न्हाई रं, आजोबाच्या उजव्या अंगाला बस." पोराने ताट उचललं आणि तो निमूट उजवीकडे आला. त्याला यात काही विशेष वाटलं नाही. जसं कुणी सांगावं, चपला कोपीबाहेर काढ.

सूर्यभानने विचारलं, का.

"का म्हंजी," सुलाबाई म्हणाली. "डाव्या कानानं तुमाला ऐकू येत न्हाई की, दाजी."

"तुला कुणी सांगितलं?"

तेव्हा तिच्या लक्षात आलं. तिने वगराळं मडक्यात सोडलं आणि पदर सारखा केला. "अक्कानं," ती म्हणाली. "लय वर्सं झाली. म्हनली, त्येंना म्हाईत न्हाई, तुमी बी सांगू नका. कानावर नोकरी हाय त्येंची. कळलं तर जीवाला घोर लावून घेतील."

कुणाकुणाला माहीत आहे, असं त्याने विचारलं, तर रायभान उंडा मोडत म्हणाला की घरात समद्यांलाच ठाव हाय, आमची म्हैस बी तुमाला उजवीकडूनच हंबरती. सगळे हसले, आणि सुलाबाईने नवऱ्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तीही हसली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले. सूर्यभानच्या तोंडातला घास तसाच होता. त्याने तो चावला. भज्जी चांगली झाली होती. तिला सुगंधाच्या हातची चव नव्हती, पण त्याच घरची चव होती. जेवणं झाल्यावर रायभान आंबील घेऊन पिकाला शिंपत शेताला फेरी घालायला निघाला, ओरडत, जसं सगळे ओरडतात, आणि त्याच्या मागून पोरं ओरडली, आणि शेजारच्या शेतातून ओरडणं आलं, आणि त्यापलीकडच्या. सूर्यभान त्यांच्यामागून धुऱ्यावरून चालला. चारी बाजूंनी माणसं ओरडत होती आणि त्याला ती सगळी उजवीकडेच वाटत होती. अख्खं शिवार त्याच्या उजव्या अंगाला राहायला आलं होतं. हे त्याला कधीपासून असं ऐकू येत असेल? त्याने डोकं इकडे-तिकडे वळवून पाहिलं. हाका त्याच्याबरोबर फिरल्या.

परतीच्या एसटीत तो डावीकडच्या बाकावर खिडकीत बसला आणि बसल्यावर चमकला. ही जागा सुगंधाची निवड. लग्नानंतर पहिली काही वर्षं खिडकीसाठी ती लहान पोरीसारखी धावायची. मग एक वर्षी म्हणाली, खिडकीत बसलं की मळमळतं, तुमी बसा, आणि बाक मात्र डावीकडचाच धरायची. तो खिडकीत, ती त्याच्या उजवीला. गंगाखेडच्या वाटेवरची सगळी झाडं त्याने पाहिली आणि तिने त्याच्या खांद्यावरून. घरातली खाट तिने दुसऱ्या भिंतीला ओढली होती, उजेड डोळ्यावर येतो म्हणून. त्याचा पाट ती असा मांडायची की डावीकडे भिंतच येईल. रात्री तो उजव्या कुशीवर झोपला की त्याला गाढ झोप लागायची, आणि ती म्हणायची, लय पुण्यवानाची झोप तुमची; दूधवाल्याला, पाण्याला, दाराला तीच उठायची. बस खड्ड्यातून जात होती आणि त्याला एकेक गोष्ट आठवत होती, आणि प्रत्येक गोष्ट त्याने आधीही आठवलेली होती, वर्षभर रोज आठवलेली, फक्त तिचा अर्थ त्याच्या हाती नव्हता. आणि तिची ती सवय. कुणी काही बोललं की ती ते पुन्हा म्हणायची. शेजारीण दारातून सांगायची, उद्या नळ येणार नाही. सुगंधा म्हणायची, अगबाई, उद्या नळ न्हाई म्हना की. खात्यातले किशनराव म्हणायचे, पोराचं लग्न ठरलं. ती म्हणायची, लगीन ठरलं का पोराचं, बरं झालं. त्याला वाटायचं खेड्यातली बाई आहे, बोललेलं एकदा स्वतः म्हटल्याशिवाय तिच्या डोक्यात बसत नाही. चारचौघांत त्याला ते कधी कधी बरं दिसायचं नाही. त्याच्या डाव्या बाजूला जे जे बोललं जाई ते ती त्याच्या उजव्या बाजूला आणून ठेवत होती. आणि त्याने त्यावर उत्तरं दिली होती, हुशारीने, आणि लोक म्हणाले होते, सूर्यभानरावांचं लक्ष असतं.

शेजारी बसलेल्या माणसाने विचारलं, बरं वाटत नाही का. सूर्यभान म्हणाला, बरं आहे. आणि खरंच बरं होतं. रडू आलं होतं. पोटभर जेवल्यावर सुस्ती यावी तसं ते आलं होतं. ती गेली तेव्हापासून त्याला वाटत होतं की संसार पुरा करून, हिशेब मिटवून गेली. आता कळलं की अजून बरंच शिल्लक आहे. आपल्याच घरात आपण न पाहिलेलं एवढं काही निघालं, तर पुढेही निघेल.

दुसऱ्या दिवशी त्याने खोलीत गेल्या गेल्या सांगितलं. आबासाहेब टेबलाशी होते, अंगद कपाटात डोकं घालून. सूर्यभान म्हणाला की उगवतीची बाजू मुकी नाही, माझा डावा कान मुका आहे, आणि हेडफोन उलटा लावून दाखवला. अंगद कपाटातून बाहेर आला आणि स्टुलावर बसून पोट धरून हसायला लागला. म्हणाला, "मी आख्खी उगवत उपटून फेकली वो काका. एका कानापायी." आबासाहेब हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला. त्यांनी विचारलं की आधी कसं लक्षात आलं नाही, आणि सूर्यभानने खरं सांगितलं, की लक्षात येऊ दिलं नाही कुणी. आबासाहेबांना ते समजलं नाही आणि त्याने समजावलं नाही. तो म्हणाला की पाहुणे यायच्या आत दुसरा माणूस बघा, मी त्याला आवाज ओळखायला शिकवीन. हे वाक्य त्याने जीपमध्ये तयार केलं होतं. बोलून झाल्यावर त्याला घरातली दुपार दिसली, तिचं ऊन, खाटेवरची घडी केलेली चादर.

आबासाहेब म्हणाले की तसंच करावं लागेल. अंगद म्हणाला, जरा थांबा. तो पुन्हा कपाटाकडे वळला होता. त्याचं म्हणणं असं की दोन कान हा हट्ट आपलाच आहे. सोळा पातींतून मशीनने एकच निवडावी, जी सगळ्यांत जास्त बोलते ती, आणि एकाच कानात द्यावी. कुठली पात ते समोरच्या दिव्यांवर दिसेल. फक्त मग सोळाच्या सोळा कार्डांनी अगदी बरोबरीने चाललं पाहिजे, एकमेकांशी ताडून बघत, नाहीतर निवड चुकेल. आबासाहेबांनी दिवस मोजले. मग म्हणाले, "पाहुणे येईपर्यंत जमलं तर सूर्यभानराव बसतील. नाही जमलं तर मावळतच दाखवू, आणि कान दुसरा आणू."

संक्रांत त्यांनी खोलीतच केली. कडूबाईने तिळाचे लाडू आणले आणि कपाटालाही एक ठेवला. शहरात विद्यापीठाचं नाव जाहीर झालं होतं, लांबून फटाक्यांचे आवाज येत होते. ते सोळाही पातींत एकदम आले आणि मशीन गोंधळून सगळे दिवे लावून बसलं. अंगदने उगवतीची कार्डं पुन्हा जागेवर बसवली, पण चालेना. एक पात दरवेळी मागे राही आणि बाकीच्या पंधरा तिच्यासाठी थांबत, आणि तेवढ्यात पाखरं खाऊन उडून जात. सूर्यभान त्याच्याशेजारी बसून राहिला. त्याला त्यातलं काही करता येत नव्हतं, म्हणून तो चहा करत होता आणि ऐकत होता. अंगद मोठ्याने विचार करायचा. ती कोपऱ्यातली पात सगळ्या बांबूंपासून लांब आहे, तिला सगळ्यांत जास्त वाट बघावी लागते, तिच्यावर ओझं जास्त. मग त्याने पातींच्या रुंद्या बदलल्या. कोपऱ्यातली अरुंद केली आणि मधल्या थोड्या रुंद, जशी मुकादमीण पोटुशी बाईला अरुंद पात देते. आणि पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी सोळा दिवे एकापाठोपाठ न अडखळता लुकलुकायला लागले. अंगदला यायला-जायला आता खोलीतून वळसा पडत होता. तो नेमाने सूर्यभानच्या उजवीकडेच येऊन बोलत होता. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

गाडी उशिरा आल्यामुळे पाहुणे ऊन चढल्यावर पोचले. तिघं होते. त्यांना वाटलं होतं तसं मशीन मोठं नव्हतं, आणि त्यांच्यातल्या ठेंगण्या गृहस्थांनी तसं बोलूनही दाखवलं. आबासाहेब इंग्रजीत समजावत राहिले. सूर्यभान खिडकीसमोर एका कानाला हेडफोन लावून बसला. पाखरं येईनात. मावळतीकडे वारा होता, तो त्याने सांगितला. मग एक उंदीर. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. मग उगवतीकडचा पाचवा दिवा लागला आणि त्याच्या कानात चिमण्या उतरल्या, एकदम, मूठभर धान्य परातीत पडावं तशा. तो म्हणाला, उगवतीकडं, पाचवी पात, चिमण्या, आणि बटण दाबलं. शेतात भोंगा वाजला. खिडकीतून सगळ्यांना दिसलं, ज्वारीवरून थवा उठला, वळला, आणि बरोबर तिथूनच उठला होता. ठेंगणे गृहस्थ खिडकीपाशी गेले. पुन्हा एकदा झालं, आणखी एकदा झालं. आबासाहेबांचा आवाज मोकळा झाला. तिसऱ्या वेळेनंतर पाहुणे आपसांत पुढच्या वर्षीच्या पेरणीचं बोलायला लागले, अजून किती बांबू लागतील, अजून किती कार्डं. अंगदने सूर्यभानच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला नाही.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या अरुंद पातीचा दिवा लागला. तिकडून इतके दिवस त्याने काही ऐकलं नव्हतं. पाखरं नव्हती. कुणीतरी ज्वारीतून चालत होतं, हळू, ताटं एका हाताने बाजूला सारत. सारलेलं ताट परत येऊन पाठीला लागायचं तेही ऐकू येत होतं. बांगड्या होत्या, थोड्याच. मध्येच पावलं थांबली, खाली पडलेलं एक कणीस उचलल्यासारखा आवाज आला, फुंकर मारून दाणे साफ केल्याचा, आणि मग ती बाई आपल्याशीच काही बोलली, एकदा बोलली आणि तेच पुन्हा बोलली. शब्द लागत नव्हते. कडूबाई माळ्यावरून उतरली असेल. सूर्यभानचं बोट बटणावर होतं. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि ठेंगण्या गृहस्थांनी विचारलं की आता काय आहे, वाजवत का नाही.

"माणूस आहे," सूर्यभान म्हणाला. त्याने बटणावरचं बोट काढून घेतलं. "आपलं काम करायलंय. वाजवायचं नाही."